यादीत नसलेले मास्तर

अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फमधला सर्वांत यशस्वी कोच कोण, यावर फारसा वाद होत नाही. ह्यूस्टन विद्यापीठाचे डेव्ह विल्यम्स. १९५६ ते १९८५ या तीस वर्षांत त्यांच्या संघांनी १६ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यातली पहिली पाच लागोपाठ. त्याच टेक्सास राज्यात, ह्यूस्टनपासून गाडीने तीनेक तासांवर, ऑस्टिनमध्ये हार्वी पेनिक होते. टेक्सास विद्यापीठाचा गोल्फ संघ १९३१ पासून १९६३ पर्यंत, तब्बल ३३ हंगाम, त्यांच्या हाताखाली होता. त्यांच्या नावावर राष्ट्रीय सांघिक विजेतेपद एकही नाही.

आज एखाद्या मोठ्या विद्यापीठात असा कोच टिकला नसता. चार-पाच वर्षं वाट पाहून त्याच्या हातात नारळ दिला असता, आणि कुणाला त्यात गैरही वाटलं नसतं. मला वाटतं. फार गैर वाटतं. कारण अमेरिकेत गोल्फ शिकवणारा थोर माणूस कोण, असा प्रश्न निघाला की विल्यम्सांच्या आधी पेनिकांचं नाव घेतलं जातं, आणि ते घेणारे लोक स्वतः खेळलेले असतात. विजेतेपदांची यादी एक सांगते आणि शिकलेली माणसं दुसरंच सांगतात. अशा वेळी चूक यादीची आहे, असं मी मानतो.

कॉलेजचा कोच हा आधी मास्तर आहे. विद्यापीठाने त्याला मास्तर म्हणून नेमावं, मास्तर म्हणून जोखावं आणि मास्तराला लागतो तेवढा वेळ द्यावा. गेल्या सात-आठ वर्षांत अमेरिकन कॉलेज क्रीडाक्षेत्राचे नियम ज्या वेगाने बदलले, त्यात खेळाडूंना जे मिळालं ते रास्तच होतं. पण त्या गडबडीत शिकवण्याची जागाच आक्रसत चालली आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पेनिकांचा जन्म १९०४ सालचा, ऑस्टिनचाच. आठव्या वर्षी ते ऑस्टिन कंट्री क्लबवर कॅडी म्हणून जायला लागले. लोकांच्या पिशव्या खांद्यावर वाहता वाहता खेळ डोळ्यांत साठवायचा, हे त्यांचं शिक्षण. १९२३ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, ते त्याच क्लबचे मुख्य प्रोफेशनल (सभासदांना शिकवणारे, क्लबचं दुकान बघणारे) झाले आणि १९७१ पर्यंत तिथेच राहिले. त्यानंतर ती जागा त्यांचा मुलगा टिन्स्ली याने घेतली, तरी वडिलांचं शिकवणं थांबलं नाही. स्वतः मोठ्या स्पर्धा खेळायची इच्छा त्यांनाही होती. ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत पुढे महान खेळाडू ठरलेल्या तरुण सॅम स्नीडने मारलेला चेंडू त्यांनी पाहिला आणि आपली जागा सरावाच्या मैदानावर, शिकणाऱ्याच्या शेजारी आहे, हे त्यांना त्या क्षणी उमगलं, असं ते सांगत. विद्यापीठाचा संघ सांभाळणं हे क्लबच्या कामाबरोबरच चालायचं. सकाळी दुकानात चेंडू विकायचे, दुपारी सभासदांना शिकवायचं आणि त्यातूनच विद्यापीठाच्या मुलांकडे बघायचं. त्यांच्या संघाने नैऋत्येकडच्या विद्यापीठांच्या गटात वीसेक वेळा पहिला क्रमांक मिळवला, आणि १९३५ मध्ये त्यांचा एड व्हाइट हा विद्यार्थी राष्ट्रीय वैयक्तिक विजेता झाला. म्हणजे जिंकणं त्यांना वर्ज्य होतं असं मुळीच नाही.

ते शिकवायचे कसे, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. नवा शिकाऊ आला की आधी पकड. गोल्फच्या काठीच्या (तिलाही क्लबच म्हणतात) दांड्यावर बोटं कशी बसली आहेत, यावर ते जितका वेळ घालवत तितका बाकी कशावरच नाही. पकड चुकली की ती सांभाळून घ्यायला मनगट, कोपर, खांदा, सगळंच वाकडं चालायला लागतं. आपल्याकडे तबल्याच्या पहिल्या धड्यात हात कसा ठेवायचा यावर गुरुजी महिना घालवतात, तसंच हे. मग स्विंग, म्हणजे फटका मारताना काठी फिरवणं. तो समजावताना कोन, अंश, शरीरशास्त्र असलं काही ते बोलायचे नाहीत. लांब दांड्याला खाली पातं लावलेलं, उभ्याने गवत कापायचं हत्यार ते हातात देत आणि सांगत, गवत काप. माणूस झाडोरा कापायला लागला की त्याचं वजन आपोआप एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं, कंबर वळते, हात ढिले राहतात. पात्याला जोर लावून चालत नाही, लय लागते. गोल्फच्या फटक्यात जे हवं ते सगळं त्या गवत कापण्यात आहे. विद्यार्थ्याला कळायच्या आत ते त्याच्या अंगात उतरलेलं असे.

‘असं करू नकोस’ हे शब्द ते शक्यतो वापरायचे नाहीत. डावीकडे पाणी आहे, तिकडे मारू नको, असं म्हटलं की डोक्यात पाणीच राहतं. म्हणून कुठे मारायचं तेवढंच सांगायचं आणि तिथेच नेम धरायला लावायचं. उद्याच्या विद्यार्थ्याला नेमकं काय आणि किती सांगावं, या विचारात ते रात्री जागायचे. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. पेनिकांनी डाव कुणापासून राखले नाहीत. त्यांनी राखले ते शब्द. दहा चुका दिसत असताना एकच सांगायची आणि नऊ गिळायच्या, हे जमायला जन्म जातो. जे स्वतः शिकवतात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्यांच्या दोन शिष्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ. दोघंही लहानपणापासून त्यांच्याकडे, वयात दोनेक वर्षांचं अंतर, एकाच क्लबवर. काइट कष्टाळू. अंधार पडेपर्यंत चेंडू मारणारा, प्रत्येक गोष्ट विचारून, घोटून पक्की करणारा. क्रेनशॉच्या हातात उपजत मऊपणा. पटर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलायची काठी, हातात आला की चेंडू त्याचं ऐकायचा. पेनिकांनी या दोघांना कधी एकमेकांचा धडा बघू दिला नाही. एकाला जे सांगायचं ते दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही. काइटचं औषध क्रेनशॉने घेतलं असतं तर त्याच्या हातातली सहजता गेली असती. क्रेनशॉचं काइटने घेतलं असतं तर त्याच्या पायाखालची जमीन सरकली असती.

मी बरीच वर्षं गणित शिकवलं आहे. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला ‘पायऱ्या गाळल्यास तरी चालेल’ असं एकदा म्हणालो होतो. मागच्या बाकावर बसलेल्या एका मुलाने ते ऐकलं आणि पायऱ्या लिहिणं सोडून दिलं. वर्षअखेरीस त्याचा पेपर माझ्या हातात आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा पेपर मी बिघडवला आहे. एका वर्गात चाळीस जणांना एकच वाक्य सांगावं लागतं, ही आपली अडचण. पेनिकांनी ती अडचण स्वतःपुरती कधी मान्यच केली नाही.

आता गंमत अशी की काइट आणि क्रेनशॉ कॉलेजात गेले तोपर्यंत पेनिकांनी विद्यापीठाचा संघ सोडला होता. कोच होते जॉर्ज हॅनन. १९७१ आणि १९७२ या दोन्ही वर्षी टेक्सासने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, ती त्या विद्यापीठाची गोल्फमधली पहिली दोन. १९७२ ला तर वैयक्तिक विजेतेपद काइट आणि क्रेनशॉ यांच्यात विभागून दिलं गेलं. हॅनन चांगले कोच होते आणि ती विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, ते योग्यच आहे. पण ज्यांनी ती दोन पोरं घडवली, त्या माणसाच्या नावापुढे यादीत शून्यच राहिलं. झाड लावणाऱ्याच्या काळात फळ आलं नाही म्हणून त्याला माळी म्हणायचं नाही, असला हा हिशोब.

यादीत आणखी कोण नाही? बायका. पेनिक संघ सांभाळत होते त्या काळात विद्यापीठात मुलींचा संघ नव्हता. राष्ट्रीय पातळीवर एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेची मुलींची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. पण बेट्सी रॉल्स याच विद्यापीठात शिकत होती. अभ्यास भौतिकशास्त्राचा, गोल्फची सुरुवात वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे तशी उशिराच. ती क्लबवर पेनिकांकडे शिकायला लागली. पहिल्या धड्याचे पैसे त्यांनी घेतले. दुसऱ्या वेळी तिने पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. काल सांगितलं तेच आज सांगितलं, त्याचे कसले पैसे, असं त्यांचं म्हणणं. पुढे ती अमेरिकेची खुली महिला स्पर्धा चार वेळा जिंकली आणि व्यावसायिक स्पर्धांत तिने ५५ विजय मिळवले. कॅथी व्हिटवर्थ न्यू मेक्सिकोतल्या जॅल नावाच्या लहानशा गावची. तिथल्या तिच्या शिक्षकाने स्वतःच ओळखलं की या मुलीला पुढे नेणं आपल्या आवाक्याबाहेर आहे, आणि तिला पेनिकांकडे पाठवलं. तिची आई चारशे मैल गाडी चालवत तिला ऑस्टिनला घेऊन यायची. व्हिटवर्थच्या नावावर पुढे ८८ विजय लागले. अमेरिकन व्यावसायिक सर्किटवर, पुरुष असो वा स्त्री, इतके विजय दुसऱ्या कुणाचे नाहीत. (जॅलच्या त्या शिक्षकाचं नाव हार्डी लाउडरमिल्क. आपल्याहून मोठ्या मास्तराकडे शिष्य सोपवणारा माणूस हाही मोठाच मास्तर, म्हणून त्याचं नाव इथे मुद्दाम घेतो.)

कॉलेज कोच म्हणून पेनिकांच्या नोंदीत यातलं काहीही येत नाही.

विल्यम्सांवर मात्र अन्याय करून चालणार नाही. ते ह्यूस्टनला केमिकल इंजिनीअरिंग शिकवायचे. गोल्फ त्यांनी मोठेपणी हातात घेतला, आणि फटका कसा मारावा हे शिकवणं हा आपला प्रांत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी उभारली ती यंत्रणा. देशभरातून उत्तम खेळाडू गोळा करायचे आणि मग संघातल्या पाच जागांसाठी त्यांना आपसांत सतत झुंजवायचं. ह्यूस्टनच्या सरावातल्या पात्रता फेऱ्या राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा अवघड असतात, असं तिथली मुलं म्हणायची. त्यातून लोखंड तावून निघायचं. कॉलेज गोल्फला वर्तमानपत्रांत जागा, चांगल्या स्पर्धा आणि प्रतिष्ठा मिळवून देण्यात विल्यम्सांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांना या खेळाचे जनक म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आणि एका बाबतीत तर त्यांची बाजू पेनिकांपेक्षा भक्कम आहे. होमेरो ब्लँकास हा मेक्सिकन वंशाचा मुलगा. ह्यूस्टनच्या रिव्हर ओक्स क्लबवर त्याचे वडील हिरवळ राखण्याचं काम करायचे आणि तो त्या मैदानाच्या कडेलाच वाढला. विल्यम्सांना जिंकायचं होतं, म्हणून त्यांनी आडनाव बघितलं नाही, हात बघितले. १९६२ मध्ये याच ब्लँकासने लाँगव्ह्यू इथल्या एका स्पर्धेत ५५ फटक्यांत फेरी पूर्ण केली; गोल्फमध्ये जितके फटके कमी तितकं चांगलं. विजेतेपदाच्या हव्यासाने असे दरवाजे उघडतात, हे कबूल केलंच पाहिजे. उलट पेनिक ज्या क्लबवर आयुष्यभर शिकवत राहिले तो श्रीमंत गोऱ्यांचा क्लब होता. त्या काळातल्या टेक्सासमध्ये कितीतरी मुलं त्यांच्यापर्यंत पोचूच शकली नसतील. मास्तर कितीही चांगला असला तरी शाळेच्या फाटकावर कोण उभं आहे, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर माझ्या लाडक्या पेनिकांकडेही नाही.

तरीही मी पेनिकांच्या बाजूने उभा आहे, कारण विद्यापीठ ही शिकवण्याची जागा आहे. विल्यम्सांची यंत्रणा आधीच उत्तम असलेल्यांतून सर्वोत्तम निवडते. ज्याला सहावा, सातवा क्रमांक मिळतो त्याला ती काय देते? झुंज देते, हे खरं. काहींना त्याहून जास्तही मिळालं. जिम नॅन्ट्झ हा तिथलाच. खेळाडू म्हणून तो पुढे जाणार नव्हता, पण विल्यम्सांनी त्याला संघात सामावून घेतलं, फ्रेड कपल्सच्या सोबत वसतिगृहात ठेवलं. १९९२ मध्ये कपल्स ऑगस्टाची मास्टर्स ही गोल्फमधली मानाची स्पर्धा जिंकला तेव्हा सीबीएस या टीव्ही वाहिनीसाठी त्याची मुलाखत घेणारा समालोचक नॅन्ट्झच होता. वसतिगृहाच्या खोलीत या दोघांनी हाच प्रसंग खेळून पाहिलेला होता. ही विल्यम्सांची कमाई मला त्यांच्या १६ करंडकांहून मोठी वाटते, आणि तीसुद्धा कुठल्या यादीत लिहिलेली नाही.

आता आजचं बघू. २०१८ पर्यंत एखाद्या मुलाला दुसऱ्या विद्यापीठाशी नुसती बोलणी करायची तरी आपल्या विद्यापीठाची परवानगी लागायची. कोच मात्र करार मोडून, जास्त पगाराच्या जागी, हंगाम संपायच्या आतसुद्धा निघून जात. हा उघड अन्याय होता. त्या वर्षी नोंदणीची नवी पद्धत आली, मुलाने नाव घातलं की झालं, परवानगी नको. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमवायची मुभा मिळाली. २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा विद्यापीठ बदललं तरी एक दिवसही बाहेर बसावं लागत नाही. आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाट मोकळी केली, पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. यातलं काहीही मागे घ्या, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घामावर हे सगळं उभं आहे त्यांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे.

पण याच तडजोडीतला एक बारीक तपशील गोल्फवाल्यांनी नीट वाचावा. पूर्वी पुरुषांच्या गोल्फ संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असायच्या, पण संघात मुलं किती ठेवायची यावर बंधन नव्हतं. आता तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघातल्या खेळाडूंची संख्या नऊवर येऊन थांबली. स्पर्धेत पाच जण उतरतात, त्यातल्या चौघांचे आकडे धरले जातात. म्हणजे कोचच्या हातात नऊ जागा, त्यातल्या पाच कामाच्या. दहावा मुलगा, जो स्वतःच्या पैशाने शिकतोय, ज्याचा स्विंग अजून बसायचा आहे, पण ज्याच्यात काहीतरी आहे असं एखाद्या जाणत्याला वाटतं, तो दहावा आता नियमानेच संघाबाहेर गेला. पेनिकांसारखा माणूस ज्याच्यावर रात्री विचार करत जागला असता, तो मुलगा.

बाकीच्या नऊ जणांचंही तसंच. पकड बदलली की खेळाडू आधी बिघडतो. महिना, दोन महिने, कधी सगळा हंगाम. जुनी सवय सुटलेली असते, नवी बसलेली नसते, चेंडू कुठेही जातो. ज्याने कधी पेटीवरची बोटं बदलून घेतली असतील त्याला हे माहीत आहे. पूर्वी कोच सांगू शकायचा, हे वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी बघ. आज तो असं कोणत्या तोंडाने सांगणार? मुलगा वाईट खेळला तर वर्षअखेर त्याच्या जागी दुसऱ्या विद्यापीठातला तयार खेळाडू आणता येतो. मुलगा चांगला खेळला तर तोच जास्त पैशांच्या जागी जाऊ शकतो. दोन्हीकडून शहाणपण एकच उरतं: पकडीला हात लावू नका. जे आहे त्यावर वर्ष काढा. मग कोच दुरुस्ती सोडून फक्त भरती करायला लागतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे.

उलट दिशेने जाणारी एक गोष्ट आहे आणि तिचं कौतुक करायला हवं. पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्याने, २०२० मध्ये कॉलेजातल्या वरिष्ठ खेळाडूंसाठी क्रमवारी सुरू केली. शेवटच्या वर्षापर्यंत थांबलात आणि वरचा क्रमांक मिळवलात तर थेट व्यावसायिक दौऱ्यावर जागा. २०२३ मध्ये टेक्सास टेकचा लुडविग ओबर्ग असा पहिला आला आणि पदवीनंतर थेट पीजीए टूरवर गेला. थांबण्याला बक्षीस ठेवलं तर मुलं थांबतात, हे यातून दिसतं. आता कोचलाही थांबण्याचं बक्षीस हवं.

यावर एक हरकत नेहमी घेतली जाते: पेनिक एखादाच असतो, त्याच्यावरून धोरण कसं ठरवणार? मला ही हरकत उलटी वाटते. पेनिक पहिल्या दिवशी पेनिक नव्हते. कॅडीचे क्लबचे प्रोफेशनल झालेले ते एक तरुण होते. त्यांना ३३ वर्षं कुणी हलवलं नाही, म्हणून ते पेनिक झाले. वर्षानुवर्षं ते एका लाल वहीत टिपणं करत राहिले. कुठला शिष्य कशाने सुधारला, कुठलं वाक्य कुणाला लागू पडलं. ती वही बराच काळ मुलाशिवाय कुणी वाचली नव्हती. १९९२ मध्ये, ते ८७ वर्षांचे असताना, तिच्यावरून पुस्तक निघालं आणि खेळावरच्या सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत जाऊन बसलं. पाच वर्षांच्या करारावर, दर जूनमध्ये करंडकाचा जाब देत, अशी वही भरत नाही.

आणि ती वही कुठे पोचते तेही बघा. मार्च १९९५ च्या अखेरीस क्रेनशॉ आजारी पेनिकांना भेटायला गेला. त्याचं पटिंग बिघडलं होतं, आणि पटिंग हीच तर त्याची दौलत. नव्वदीतल्या, अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांनी त्याला जुना पटर आणायला लावला, त्याचे हात बघितले, क्लबचं डोकं हातांच्या पुढे जाऊ देऊ नकोस एवढं सांगितलं, आणि स्वतःवर विश्वास ठेव म्हणाले. २ एप्रिलला पेनिक गेले. बुधवारी, ५ तारखेला, काइट आणि क्रेनशॉ ऑगस्टाहून विमानाने ऑस्टिनला आले, मास्तरांना खांदा दिला, आणि रात्रीपर्यंत परत ऑगस्टाला गेले. दुसऱ्या दिवशी मास्टर्स सुरू होणार होती. तिथे कार्ल जॅक्सन हा क्रेनशॉचा जुना कॅडी होता. चेंडू पायांमध्ये किंचित मागे घे, खांदे जरा आवळून वळव, असं त्याने त्या आठवड्यात सुचवलं होतं. तेही एका वाक्यात बसणारं. चार दिवसांत क्रेनशॉने एकाही होलवर पटरचे तीन फटके घेतले नाहीत. रविवारी, त्रेचाळीस वर्षांचा क्रेनशॉ एका फटक्याने जिंकला. शेवटचा चेंडू होलात पडताच तो वाकला आणि तोंड झाकून रडायला लागला. जॅक्सन मागून आला आणि त्याने त्याच्या खांद्यांवर हात ठेवले.

दुसरा आला डेव्हिस लव्ह. त्याचे वडील टेक्सास विद्यापीठात पेनिकांच्याच संघात खेळलेले, पुढे स्वतः नावाजलेले शिक्षक झालेले, १९८८ मध्ये विमान अपघातात गेलेले. म्हणजे त्या रविवारी पहिल्या दोन्ही जागांवर ऑस्टिनचीच विद्या होती, एक थेट शिकवलेली आणि एक बापाकडून आलेली. पेनिकांनी विद्यापीठाचा संघ सोडून तेव्हा ३२ वर्षं झाली होती.

३२ वर्षांनी येणारं फळ करारात लिहिता येत नाही, हे मलाही कळतं. पण सध्याच्या करारांत जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा बरं काही नक्कीच लिहिता येईल. कोचला बोनस मिळतो तो गटाचं विजेतेपद, राष्ट्रीय फेरीतला प्रवेश, वर्षाचा सर्वोत्तम कोच असल्या गोष्टींवर. विद्यार्थी टिकतात का, अभ्यासात पुढे सरकतात का, हे मोजायची पद्धत एनसीएएकडे वीस वर्षांहून जास्त काळ आहे. ती चांगली आहे, पण ती वर्गातलं बघते, सरावाच्या मैदानावर कोचने काय केलं ते तिला दिसत नाही. ते दिसेल असं एक कलम घाला. पहिल्या वर्षी संघात सर्वांत मागे असलेली तीन मुलं चौथ्या वर्षी सरासरी किती फटके कमी खेळतात, यावर कोचचा बोनस ठरवा. मूल मधेच निघून गेलं तर तेवढा हिस्सा गेला. आणि पहिली सहा वर्षं, गैरवर्तन सोडून, कुठल्याही कारणाने त्याला काढायचं नाही, जशी प्राध्यापकाला कायम होण्याआधी मुदत देतात तशी. नऊच्या वर आणखी तीन जागा शिकाऊंसाठी ठेवा. त्यांना पैसे नकोत, शिष्यवृत्ती नको, फक्त मास्तरांच्या शेजारी उभं राहायची परवानगी हवी.

मोजायचं कसं, असं इथे कुणी म्हणू नये. फुटबॉलमध्ये बचावातल्या पोराची सुधारणा मोजणं अवघड असेल. गोल्फमध्ये प्रत्येक फेरीचं कार्ड असतं, प्रत्येक होलपुढे आकडा असतो, खाली खेळाडूची सही असते आणि सोबत खेळणाऱ्याचीही. चार वर्षांची ती कार्डं विद्यापीठाकडे आहेतच. पहिलं आणि शेवटचं शेजारी शेजारी ठेवायचं आहे.